जज्जसाहेबांचे कागद



दर अंकात आम्ही या पानावर बेणे, खते, खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. आज थोडे वेगळे लिहावयाचे आहे. कोणी म्हणेल, शेतकी खात्याच्या माणसाला हे नसते उद्योग कोणी सांगितले? पण विषय फिरून आपल्या बांधावरच येतो, तेव्हा जरा सबुरीने घ्यावे.

अमेरिकेत मिसुरी राज्यात इंडिपेंडन्स नावाचे गाव आहे. हॅरी ट्रूमन तिथले. १९४५ साली ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. अणुबाँबमुळे त्यांचे नाव जगाला माहीत झाले. आपल्याकडे धान्याची टंचाई होती तेव्हा, १९५१ साली, भारताला गव्हासाठी १९ कोटी डॉलर कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही झाली ती त्यांचीच. पण आज आम्हाला सांगावयाचे आहे ते त्याआधीचे, ते गावचे जज्ज होते तेव्हाचे.

मूळचा हा शेतकरी गडी. १९०६ ते १९१७ पर्यंत ग्रँडव्ह्यू येथील ६०० एकरांच्या घरच्या शेतीवर त्यांनी राबून काम केले. मग पहिल्या महायुद्धावर गेले. परत येऊन कापडचोपडाचे दुकान काढले, ते १९२२ मध्ये बुडाले. दिवाळखोरी न पुकारता पुढे कित्येक वर्षे ते देणे फेडीत राहिले.

त्याच वर्षी ते जॅक्सन काउंटीचे जज्ज म्हणून निवडून आले. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा मुलूख. नाव जज्ज असले तरी समोर खटले नव्हते. रस्ते, पूल, कर, नोकरभरती हीच कामे. आपल्याकडचे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष म्हणा ना! १९२४ ला ते पडले, १९२६ ला मुख्य जज्ज म्हणून पुन्हा आले, आणि १९३४ च्या अखेरीपर्यंत राहिले.

पण निवडून आणणारा होता टॉम पेंडरगास्ट, कॅन्सस सिटीचा पुढारी. त्याच्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नसे, आणि त्याचा स्वतःचा काँक्रीटचा धंदा होता. १९२८ मध्ये मतदारांनी रस्त्यांसाठी ६५ लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटले. ट्रूमन यांनी धरून ठेवले की, ज्याची निविदा कमी त्यालाच काम. रस्ते झाले आणि चांगले झाले.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही सत्काराच्या भाषणात शोभेल. पुढचे मात्र त्यांच्या खासगी कागदांत आहे.

१९३० नंतरच्या त्या वर्षांत कामाचा जाच असह्य झाला की ते कॅन्सस सिटीच्या पिकविक हॉटेलात खोली घेऊन बसत आणि हॉटेलच्याच कागदांवर मनातले लिहून काढीत. कोर्टाचे काम चालू असता सोबतचे दोन जज्ज टेबलाआड फासे खेळत, तेही त्यांनी लिहिले. आणि स्वतःचेही लिहिले: सहकारी जज्जाची मर्जी राखण्यासाठी पेंडरगास्टच्या एका मित्राला, पूर्वीच्या गुत्तेवाल्याला, काउंटीच्या तिजोरीतले सुमारे १० हजार डॉलर खाऊ दिले, नाहीतर रस्त्यांच्या पैशातून लुटारूंनी १० लाखांवर डल्ला मारला असता. आपण केले ते बरोबर, की आपणही गुन्ह्यात वाटेकरी झालो, हे आपल्याला कळत नाही, असे त्यांनी कबूल केले आहे.

पेंडरगास्ट १९३९ मध्ये कर बुडवल्याबद्दल तुरुंगात गेला. ट्रूमन तोवर सिनेटर झाले होते. हे कागद चुलीत घालणे त्यांना काय जड होते? त्यांनी ते ठेवले. १९५७ मध्ये इंडिपेंडन्सला त्यांच्या नावाचे ग्रंथालय झाले. आज ते कागद तिथे आहेत, आणि कोणालाही वाचता येतात.

आता आमचे सांगतो. काही हंगामांपूर्वी एका वजनदार सभासदाने आपल्या रानातून जाणारी गाडीवाट अडवली. मागच्या वस्तीचा सगळा ऊस कोंडला. मार्च संपत आला होता, पाणी तुटले होते. त्याची अट एकच: माझी तोड आधी. आम्ही क्रमपाळी मोडून त्याला तोडचिठ्ठी दिली. वाट मोकळी झाली, वस्तीचा ऊस वाळण्याआधी काट्यावर आला. पण ज्यांची पाळी होती त्या एका आक्कांचा एकरभर सुरू ऊस मागे पडला, वाळला, वजन घटले. दप्तरात आम्ही कारण लिहिले, ‘वाहतुकीची सोय’. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

हा मजकूर छापायला देण्याआधी आम्ही आक्कांच्या घरी जाऊन सगळे सांगितले. त्यांनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, “आता गेलेलं वजन काय परत यायचं न्हाई. पर सायेब, तुमच्या वहीत खरं कवा लिवनार?”

ते आज लिहिले.

यापुढे आमच्या हातून क्रमपाळीत बदल झाला, तर कोणासाठी व का, हे त्याच दिवशी नोंदवहीत लिहू. वही गट कार्यालयात राहील. कोणाही सभासदाने मागावी व पाहावी. आपणही घरी एक वही ठेवा: लागणीची तारीख, नोंदीची पावती, तोडीचा दिवस, काट्याचे वजन. दोन्ही वह्या जुळल्या तर उत्तमच. नाही जुळल्या तर संकोच न करता आम्हाला येऊन विचारा.

पुढील अंकी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी.