विश्लेषण : आल्प्सची शिखरे, खिंडी पाहायला निघालात? पण तिथला नकाशाच का बदलतोय?

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींमध्ये स्वित्झर्लंडचे दोन-तीन दिवस ठरलेले असतात. युंगफ्राउयोखची रेल्वे, टिटलिसची फिरती केबल कार आणि तिथे लावलेल्या शाहरुख-काजोलच्या कटआउटसोबतचा फोटो हा त्यातला नेहमीचा क्रम. मात्र ज्या बर्फासाठी पर्यटक इतक्या दूर जातात, तोच बर्फ झपाट्याने कमी होत आहे. त्यामुळे पायवाटा, डोंगरातल्या निवाऱ्यांचे जिने आणि दोन देशांमधली सीमाही बदलावी लागते आहे. आल्प्समध्ये नेमके पाहायचे काय आणि तिथे काय घडते आहे, याविषयी...

आल्प्स पर्वत तयार कसा झाला?

सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला. आल्प्सची गोष्ट वेगळी आहे. आफ्रिकेच्या बाजूचा आणि युरोपचा असे दोन भूपट्ट एकमेकांवर आदळले, मधल्या समुद्राचा तळ चेपला गेला आणि खडकांना घड्या पडून पर्वत उभा राहिला. मॅटरहॉर्न (4,478 मीटर) हे त्याचे ठळक उदाहरण. या शिखराचा वरचा भाग आफ्रिकेकडील भूपट्टाच्या खडकाचा आहे, तर खालचे थर जुन्या समुद्रतळाचे आहेत. पुढे हिमनद्यांनी चारही बाजूंनी खडक कोरून काढला आणि त्याला पिरॅमिडसारखा आकार आला.

लाउटरब्रुनेनची दरीही हिमनदीनेच कोरलेली आहे. नदीने कापलेली दरी साधारण इंग्रजी ‘व्ही’सारखी दिसते, हिमनदीने खरवडलेली ‘यू’सारखी. त्यामुळे दोन्ही बाजूंना उभे कडे उरले आणि त्यावरून धबधबे कोसळू लागले. त्यातला श्टाउबबाख सुमारे 300 मीटर उंचीवरून पडतो.

शिखरे आणि हिमनद्या पाहायच्या कुठून?

युंगफ्राउयोख हे शिखर नाही. ‘योख’ म्हणजे खिंड. युंगफ्राउ आणि म्योंख या दोन शिखरांमधल्या 3,454 मीटर उंचीवरील या खिंडीपर्यंत 1912 पासून रेल्वे जाते. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली त्यात अडकणारे दातेरी चाक, या तंत्रामुळे गाडी तीव्र चढ चढते. तिचा बहुतांश मार्ग आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून जातो.

वर पोहोचल्यावर दिसते ती आलेच ही आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी. लांबी सुमारे 20 किलोमीटर. हा परिसर 2001 पासून ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत आहे.

मॅटरहॉर्न पाहण्यासाठी झरमॅट गाठावे लागते. 14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिंपर यांच्यासह सात जण पहिल्यांदा या शिखरावर पोहोचले. उतरताना दोर तुटला आणि चौघांचा मृत्यू झाला. आजही हे शिखर चढणे गिर्यारोहकांचेच काम आहे. पर्यटकांना ते समोरच्या गोर्नरग्राटवरून रेल्वेने जाऊन निवांत पाहता येते.

खिंडींचे महत्त्व काय?

सह्याद्रीत जे बोरघाट किंवा नाणेघाटाचे, तेच आल्प्समध्ये या खिंडींचे. व्यापारी, सैन्य आणि यात्रेकरू याच वाटांनी गेले. ग्रेट सेंट बर्नार्ड (2,469 मीटर) खिंडीतून 1800 मध्ये नेपोलियनचे सैन्य इटलीत उतरले. तिथला मठ सुमारे हजार वर्षे वाटसरूंना आसरा देत आला आहे. सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्यांना हे नाव तिथूनच मिळाले.

गोटहार्ड खिंडीत (2,106 मीटर) तर एकाच डोंगरावर वाहतुकीच्या चार पिढ्या दिसतात. ट्रेमोला हा दगडी फरसबंदीचा जुना वळणावळणांचा घाट, 1882 चा रेल्वे बोगदा, 1980 चा रस्ते बोगदा आणि 2016 मध्ये सुरू झालेला 57 किलोमीटरचा रेल्वे बोगदा. हा शेवटचा जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे.

फुर्का खिंड (2,429 मीटर) महाराष्ट्रातल्या सर्वोच्च कळसूबाईपेक्षा (1,646 मीटर) जवळपास 800 मीटर उंच आहे. 1964 च्या ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटातला मोटारीचा प्रसंग याच घाटात चित्रित झाला.

हिमनद्या किती वेगाने आटत आहेत?

स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांची दरवर्षी मोजणी होते. 2022 मध्ये तिथला सुमारे 6 टक्के आणि 2023 मध्ये सुमारे 4 टक्के बर्फ वितळला. म्हणजे केवळ दोन वर्षांत दहावा हिस्सा गेला.

आलेचच्या काठावरचा कोंकोर्डिया निवारा ही घट डोळ्यांना दाखवतो. 1877 मध्ये तो बांधला तेव्हा हिमनदी सुमारे 50 मीटर खाली होती. आता बर्फाची पातळी इतकी खचली आहे, की निवाऱ्यापर्यंत चढण्यासाठी कड्याला लोखंडी जिने ठोकले आहेत. त्यांना चारशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि बर्फ खचला की नवे जिने जोडावे लागतात. पॅरिस कराराचे उद्दिष्ट पाळले गेले तरी या शतकाअखेर आलेचचा निम्म्याहून अधिक बर्फ उरणार नाही, असे झुरिकच्या ‘ईटीएच’ विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये म्हटले होते.

फुर्का खिंडीजवळच्या ऱ्होन हिमनदीच्या टोकाला बर्फात गुहा कोरली जाते. ती टिकावी म्हणून उन्हाळ्यात तिच्यावर पांढरे जाड कापड पसरतात. कापड ऊन परतवते आणि त्या तेवढ्या जागेतले वितळणे बरेच कमी होते. मात्र खर्च आणि क्षेत्रफळ पाहता अख्खी हिमनदी अशी झाकणे शक्य नाही.

सीमा का सरकली?

मॅटरहॉर्नच्या परिसरात इटली आणि स्वित्झर्लंडची सीमा जलविभाजकावरून जाते. म्हणजे ज्या बाजूचे पाणी इटलीकडे वाहते तो भाग इटलीचा आणि उलट बाजूचा स्वित्झर्लंडचा. काही ठिकाणी हा माथा खडकाचा नसून बर्फाचा होता. बर्फ वितळला तसा माथा सरकला. परिणामी 1984 मध्ये पूर्णपणे इटलीच्या हद्दीत बांधलेल्या एका निवाऱ्याचा मोठा भाग तांत्रिकदृष्ट्या स्वित्झर्लंडमध्ये आला. दोन्ही देशांनी सामोपचाराने सीमा नव्याने आखण्याचे ठरवले आणि 2024 मध्ये स्वित्झर्लंडने या कराराला मान्यता दिली.

धोका फक्त बर्फ कमी होण्याचा आहे का?

नाही. उंचावरच्या भेगाळलेल्या खडकांना आतला गोठलेला बर्फ सिमेंटसारखा धरून ठेवतो. तो वितळला की कडे सैल होतात. 3 जुलै 2022 रोजी इटलीतल्या मार्मोलाडा हिमनदीचा तुकडा कोसळून 11 जणांचा मृत्यू झाला.

28 मे 2025 रोजी स्वित्झर्लंडच्या लॉशेनटाल खोऱ्यातले ब्लाटेन हे गाव बर्फ आणि दगडांच्या ढिगाऱ्याखाली गेले. वरच्या डोंगरातून पडलेल्या खडकांचा भार बिर्च हिमनदीला पेलवला नाही. मात्र डोंगराच्या हालचालींवर यंत्रांनी आणि निरीक्षकांनी पाळत ठेवली होती. त्यामुळे गावातले सुमारे 300 रहिवासी नऊ दिवस आधीच गुरांसह हलवले गेले होते. बाहेर राहिलेल्या एकाचा बळी गेला. गाव वाचले नाही, पण गावकरी वाचले. हिमनद्यांच्या खाली वस्ती असलेल्या हिमालयातल्या राज्यांसाठी हा धडा मोलाचा आहे.

जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

फुर्का, ग्रिम्सेलसारखे घाट साधारण जून ते ऑक्टोबरच खुले असतात. ज्या वर्षी बर्फ जास्त, त्या वर्षी ते उशिरा उघडतात. त्यामुळे एप्रिल-मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ते बहुधा बंदच मिळतील.

युंगफ्राउयोखला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असतो. धाप लागू शकते. हळू चालावे आणि पाणी पीत राहावे. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे.

पायवाटांच्या खुणाही वाचता यायला हव्यात. पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरी वाट, तिथे चांगले बूट आणि पाय रोवून चालण्याची सवय हवी. पांढरी-निळी-पांढरी वाट फक्त अनुभवींसाठी.

आखून दिलेली वाट सोडून हिमनदीवर पाऊल टाकू नये. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात. बंदीचा फलक किंवा दोरी दिसली, तर फोटोसाठी ती ओलांडू नये. ब्लाटेनचे लोक वाचले, ते घर सोडण्याची सूचना त्यांनी वेळेत पाळली म्हणून.