उपाय लागू पडला, हे कसे ओळखायचे?

समजा, एका गावात तापाची साथ आली. वैद्यांनी घरोघर काढा वाटला. पंधरा दिवसांनी साथ ओसरली. "काढ्याचा गुण आला!" असे सारे गाव म्हणू लागले. पण शेजारच्या गावात कोणी काढा घेतला नव्हता आणि तिथलीही साथ पंधरा दिवसांतच ओसरली असेल तर? मग ते श्रेय काढ्याला देता येईल का?

समाजाचे प्रश्न परीक्षानळीत मावत नाहीत. तरीही त्यांचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीने करता येतो. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, असा एक अभ्यास झाला. तो कसा झाला, ते पाहू या.

मणी सांगतात आजार

१९८० च्या दशकात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९८८ च्या सुमारास तिथल्या खेड्यांत जन्मणाऱ्या दर १००० बाळांपैकी १२१ बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. दर हजारी किती बाळे वर्षाच्या आत दगावली, या संख्येला 'अर्भक-मृत्युदर' म्हणतात.

इतकी बाळे कशाने जातात? शोध घेता मोठे कारण आढळले न्यूमोनिया, म्हणजे फुफ्फुसांचा दाह. यात बाळाचा श्वास फार जलद चालतो. श्वास मोजले की आजार ओळखता येतो आणि औषध वेळेवर देता येते. पण गावातल्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग एक सोपे साधन तयार झाले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओळीने ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलो, तर न्यूमोनिया समजायचा!

५८ गावांत हे उपचार सुरू झाले. ४४ गावांत ते नव्हते. या दुसऱ्या गावांतील अर्भक-मृत्युदर १२१ होता, तर उपचार झालेल्या गावांत तो ८९ वर आला. हे यश मोठेच होते. पण ८९ हा आकडा काही लहान नव्हे. उरलेली बाळे कशाने दगावत होती?

पाहणीचे एक वर्ष

बरेचसे मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच होत होते. या दिवसांत बाळाला काय होते, हे दवाखान्यात बसून कळणे शक्य नव्हते, कारण बहुतेक बाळंतपणे घरीच होत. म्हणून गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना शिकवून 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. १९९५-९६ या वर्षी त्यांनी ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन पाहणी केली. वजन, ताप, श्वास, दूध पिणे, सगळ्याची नोंद ठेवली.

काय आढळले? शंभरातील सुमारे ५४ बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात ती मिळाली शंभरातील तिघांनाही नाही. ७६३ पैकी ४० बाळे दगावली. अनेकांच्या आजाराचे कारण होते जंतुसंसर्ग. बाळाचे रडणे क्षीण होते, दूध ओढणे कमी होते, अंग ढिले पडते आणि बघता बघता बाळ जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उपाय सुचवण्याआधी पुरते एक वर्ष प्रश्न समजून घेण्यात गेले.

तुलनेची गावे कशासाठी?

आता उपाय ठरला. बाळ दवाखान्यात जात नाही, तर उपचारच घरी न्यायचे. जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, बाळाला ऊबदार ठेवणे, आईला स्तनपानाविषयी सांगणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही सारी कामे आरोग्यदूत करू लागल्या.

पण थोडे शिकलेल्या बाईने एवढ्याशा बाळाला इंजेक्शन द्यावे का? त्याने बाळ वाचेल की अपाय होईल? याचे उत्तर आधी कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून ३९ गावांत हा उपाय केला आणि तशाच दुसऱ्या ४७ गावांत फक्त जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. सरकारी आरोग्यसेवा दोन्हीकडे नेहमीप्रमाणे चालू होती.

पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे हे दर हजारी आकडे पाहा.

उपायाची ३९ गावे : १९९३-९५ मध्ये ६२, १९९७-९८ मध्ये २५.५
तुलनेची ४७ गावे : १९९३-९५ मध्ये ५८, १९९७-९८ मध्ये ५९.६

समजा, आपल्याजवळ फक्त पहिली ओळ असती. एखादा शंकेखोर म्हणाला असता, "त्या वर्षी पीकपाणी चांगले झाले असेल, रस्ते झाले असतील, म्हणून मृत्यू घटले." त्याची शंका खोडायची कशी? दुसरी ओळ ते काम करते. पाऊस आणि पीकपाणी त्या गावांनाही सारखेच होते, पण तिथला आकडा जागचा हलला नाही. तेव्हा फरक पडला तो उपायामुळेच, असे म्हणायला बळकट आधार मिळतो.

आणखी एक पडताळा घ्या. उपचार सुरू होण्यापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी शेकडा १६.६ दगावत. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांपैकी दगावली फक्त दोन, म्हणजे शेकडा २.८.

हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पण एका ठिकाणी जमले ते दुसरीकडे जमेलच असे नाही. म्हणून पुढे महाराष्ट्रातील आणखी सात ठिकाणी इतर संस्थांनी ही पद्धत वापरून पाहिली. २०११ साली भारत सरकारने ती देशभरासाठी स्वीकारली. तुमच्या गल्लीत नवे बाळ जन्मले की आशाताई ठरलेल्या दिवशी त्याचे वजन करायला येतात ना? त्यांच्या त्या फेरीमागे हा सारा हिशेब आहे.

तुम्हीही करून पाहा

तुमच्या वर्गात पोटदुखी व जुलाबाने किती मुले गैरहजर राहतात? गुरुजींच्या मदतीने 'अ' आणि 'ब' या दोन तुकड्यांची एक महिना नोंद ठेवा. कोणत्या तुकडीत उपाय करायचा, ते चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे आवडनिवड आड येणार नाही. त्या तुकडीत डबा खाण्यापूर्वी सर्वांनी साबणाने हात धुवायचे. दुसरीत नेहमीप्रमाणे चालू द्यायचे. पुन्हा महिनाभर मोजा.

आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तरी ते खोडू नका. उपाय निरुपयोगी होता, की महिना अपुरा पडला, की दुसऱ्या तुकडीतील मुलेही पाहून पाहून हात धुवू लागली? याचा विचार करा आणि मग हात धुण्याची सवय दोन्ही तुकड्यांत चालू ठेवा.