बडोद्याच्या हवेतील मराठी

प्रतापनगरात माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या मुलांत बरीच मुले मराठी घरांतील आहेत. आडनावे जुनी, घरे जुनी, कुणाच्या पणजोबांच्या पगड्या अजून कपाटात जपून ठेवलेल्या. ही मुले सुरात कच्ची नाहीत. पण नाट्यपद किंवा अभंग घेतला की शब्दापाशी अडखळतात. वहीत शब्द गुजराती लिपीत उतरवून घेतात, त्याला माझी हरकत नाही. लिपी कोणतीही चालेल. अडचण कानाची आहे. ‘चांदणे’ म्हणताना त्यांचा ‘चा’ ‘चंद्रा’तल्या ‘च’सारखा उमटतो. मराठीतला तो दातांजवळचा ‘च’ गुजरातीत नाही आणि पुस्तकातही तो वेगळ्या खुणेने लिहीत नाहीत. तो ऐकूनच यावा लागतो. ह्या मुलांनी तो घरातल्या चार माणसांपलीकडे कुणाच्या तोंडून ऐकायचा?

आपल्या शहरात मराठी छापली जाते, सभांतून बोलली जाते. साहित्य संमेलनेच पाहा: 1909, 1921, 1934 आणि मग थेट 2018 साली ती येथे भरली. परंतु संमेलन हा सण झाला. रोजच्या हवेतून जी भाषा नकळत कानी पडते, तिच्याविषयी मी बोलतो आहे. शहरातील एफ. एम. केंद्रे गुजरातीत व हिंदीत बोलतात. त्यांवर मराठी निवेदन माझ्या तरी कानी आलेले नाही.

ह्याच शहराला एकेकाळी स्वतःची नभोवाणी होती, हे तरुण मंडळींना खरे वाटत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या पाच संस्थानी केंद्रांचा वारसा आकाशवाणीकडे आला, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि आपले बडोदे होते. बडोदे केंद्र डिसेंबर 1948 मध्ये आकाशवाणीकडे गेले. एप्रिल 1949 मध्ये अहमदाबादचे केंद्र सुरू झाले आणि दोघांचे नाव जोडीने घेतले जाऊ लागले. पुढच्याच महिन्यात, 1 मे 1949 रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

कलावंतांच्या घरांना ह्या बदलाचा अर्थ फार लवकर कळला. माझे आजोबा कलावंत कारखान्यात होते, वडीलही राजवाड्याचे वादक. दरबार उठल्यावर गवई-वाजविणाऱ्यांना जो नवा धनी मिळाला, तो म्हणजे रेडिओ. पुढे 1952 पासून बाळकृष्ण केसकरांनी स्वरचाचणी आणि श्रेणीची शिस्त लावली, तेव्हा घरोघर कुरकुर झाली. पण चूलही त्यावरच पेटली. फैयाजखाँसाहेबांचे ऐसपैस गाणे आज आपण ऐकू शकतो, तेही मुख्यतः नभोवाणीच्या ध्वनिमुद्रणांमुळे. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ते मावते कोठे!

पण राग वाचला म्हणून भाषा वाचली असे होत नाही. 1 मे 1960 रोजी गुजरात वेगळे झाले आणि येथील केंद्र गुजराती श्रोत्यांचे झाले. त्यात अन्याय काही नाही. ते तसेच व्हायला हवे होते. बडोद्याच्या मराठी घरांना उरला तो रात्रीचा मुंबई-पुण्याचा आवाज. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत चालतात आणि दूर जाता जाता विरतात. सूर्य मावळला की वातावरणाचा खालचा शोषून घेणारा थर नाहीसा होतो व लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो कोस जातात. म्हणून चारशे किलोमीटरांवरची मुंबई दिवेलागणीनंतर स्पष्ट लागे. आता एलईडी दिव्यांनी आणि चार्जरांनी त्या पट्ट्यावर अशी खरखर भरली आहे की रात्रही उपयोगाची राहिली नाही.

अमेरिकेतील स्पॅनिशभाषी मजुरांची गोष्ट ह्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1930 च्या सुमारास लॉस एंजेलिस परिसरातील केंद्रे पहाटेची वेळ स्वस्तात विकत, कारण त्या वेळी इंग्रजी श्रोता झोपलेला असे. पेद्रो गोन्सालेस नावाच्या गायकाने ती पडीक वेळ घेतली. मजूर तेव्हाच उठत. त्याच्या गायकमंडळाचे नावच ‘पहाटे उठणारे’ अशा अर्थाचे होते. पुढे 1979 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ग्रेंजर ह्या लहानशा गावी, सफरचंदाच्या बागांत राबणाऱ्यांसाठी, ‘केडीएनए’ हे पूर्ण स्पॅनिश केंद्र उभे राहिले. ती अक्षरे स्पॅनिशमध्ये वाचली की ‘कादेना’, म्हणजे साखळी, असा शब्द होतो. फळे तोडणाऱ्या, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या लोकांनी हे साधले. आपण येथे अठराव्या शतकापासून आहोत.

माझे एक स्नेही म्हणतात, “मोबाईलवर पुणे केंद्र लागते, मग कशाला खटाटोप?” लागते खरे, मीही लावतो. पण पुणे केंद्राला दांडिया बाजारातले कीर्तन किती वाजता आहे हे ठाऊक नसते. भुतडी झांप्यावर कोण वारले, हेही ते सांगत नाही. शिवाय आपली मराठी पुण्याची नव्हे. तिच्यात गुजराती शब्द सहज मिसळलेले आहेत, तिची एक वेगळी हेल आहे, आणि ती शुद्ध करून घेण्याची मला मुळीच घाई नाही. ती ऐकू यावी, एवढेच.

भारत सरकारने 2006 साली सामुदायिक रेडिओचे दार नोंदणीकृत सामाजिक संस्थांना उघडले. शंभर वॅट शक्ती, तीस मीटरपर्यंत मनोरा. एका शहराच्या मराठी वस्तीला पुरे. साताऱ्याकडच्या म्हसवडसारख्या दुष्काळी भागात ‘माणदेशी तरंग’ 2008 पासून बोलू लागले. अर्ज करणाऱ्या संस्थेला नोंदणीनंतर किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात. येथील आपली कित्येक मंडळे ह्या कसोटीला सहज उतरतील. खर्चाचा प्रश्न आहे, रोज तास भरून काढण्याचा तर त्याहून मोठा. गाण्याचा अर्धा तास माझे विद्यार्थी भरतील. बाकीच्या वेळेसाठी आजी लोक हवेत: स्वयंपाक सांगणाऱ्या, जुन्या वाड्यांची नावे ठाऊक असणाऱ्या, आणि ‘चांदणे’ म्हणता येणाऱ्या. त्यांतल्या तिघी-चौघींना मी विचारून ठेवले आहे. एकीने होकार देताना विचारले, “सकाळी की संध्याकाळी? संध्याकाळी माझे देवाचे असते.”