शेतात पाणी तुंबलंय, तरी कपाशी सुकतेय!

बुलडाण्याहून राजूर घाट उतरून मोताळा तालुक्यात आलं की उन्हाचा चटका वाढतो. रोहिणखेड हे तिथलंच, डोंगराच्या पायथ्याचं गाव. इथल्या पिकाची तहान जमिनीइतकीच हवाही ठरवते, आणि ती कशी ठरवते हे फार मजेशीर आहे.

मुळांनी 100 लिटर पाणी ओढलं, तर झाड स्वतःच्या वाढीला त्यातलं जेमतेम दोन-तीन लिटर वापरतं. बाकीचं पानांवरच्या बारीक पर्णरंध्रांतून वाफ होऊन उडतं. पान थंड राहतं ते त्यामुळेच.

20 अंशांच्या हवेत जेवढी वाफ मावते, त्याच्या जवळपास तिप्पट 40 अंशांच्या हवेत मावते. वर वारा सुटला, तर पानाला बिलगलेली दमट हवा निघून जाते आणि पाणी आणखी भराभर उडतं. श्रावणझडीत हवाच वाफेनं भरलेली असते, पानातलं पाणी जाणार कुठं? म्हणून पहाटे मक्याच्या पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब दरवेळी दवाचाच असतो असं नाही. रात्री मुळांनी वर ढकललेलं पाणीही तिथून बाहेर पडतं.

हे उडणारं पाणी मोजायला इंग्लंडचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाची कुंडी पत्र्यानं झाकून सकाळ-संध्याकाळ तोलली. त्यांचं पुस्तक 1727 साली आलं. दिवसभरात वजन अर्ध्या किलोहून जास्त घटायचं, रात्री अगदी थोडं. भरपूर दव पडलं की चक्क वाढायचं!

हे पाणी वाचवायच्या युक्त्याही झाडांकडे असतात. भर दुपारी पाण्याच्या ताणावरची ज्वारी बघा. पानाची सुरळी होते, म्हणजे उन्हाला अंग कमी. ताटाला बोट लावलं तर पांढुरकं मेण हाताला येतं, तेही पाणी अडवण्यासाठीच. सोयाबीन पान उलटं करून फिकट बाजू उन्हाला दाखवते. निवडुंग रंध्रं रात्रीच उघडतो. पळस आणि साग तर पानंच झाडून मोकळे होतात.

सगळ्यात चक्रावून टाकते ती कपाशी. पावसाचा मोठा खंड पडतो, जमीन तापते, आणि मग एकदम धो-धो पाऊस येतो किंवा भरपूर ओलित होतं. पात्याबोंडांनी लदलेली पऱ्हाटी एक-दोन दिवसांत मान टाकते. हीच आकस्मिक मर. बुरशीचा रोग समजून औषधांवर पैसा जातो, तेव्हा खरंच जीव तुटतो, कारण दोष बुरशीचा नसतोच. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळांची हवा कोंडते आणि त्यांचं पाणी ओढणं मंदावतं. वर ऊन मात्र पानातलं पाणी उडवतच राहतं. आधी चर काढून पाणी बाहेर काढावं, वाफसा येताच बुडाजवळची माती मोकळी करावी. वेळेवर हात फिरला तर बरीच झाडं पुन्हा पालवतात.