कडेचे वजन

पोलादी माथ्याच्या गोल्फ-काठीला ‘आयर्न’ म्हणतात. नवशिक्यांसाठी बनवलेला नवा संच हाती आला, तर माथ्याची पाठ पाहा. ती खोलगट दिसेल. मधला धातू कमी करून तो कडांना दिलेला असतो. असे का?

चेंडू नेमका मध्यावर लागला तर प्रश्नच नाही. पण नवशिक्याचा फटका अर्धा इंच इकडेतिकडे लागायचाच! मग जेमतेम ४६ ग्रॅमचा तो चेंडू माथ्याला एका बाजूने मागे रेटतो. माथा मुरडतो, चेंडू भरकटतो आणि कमी अंतर जातो. ही टक्कर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागात संपते. तेवढ्यात हात काय सावरणार? माथ्यानेच मुरडण्याला विरोध करायला हवा.

हा विरोध तुम्हांला घरीच अनुभवता येईल. फूटपट्टीच्या मध्याजवळ दोन बाजूंना दोन सारखी खोडरबरे बांधा. पट्टी मध्यावर धरून मनगटाने झटपट उलटसुलट फिरवा. आता तीच रबरे टोकांना बांधा. वजन तेच, पण फिरवणे जड जाते! वजन अक्षापासून दुप्पट दूर नेले, की त्याचे जडत्व परिबल चौपट होते.

कार्स्टन सोल्हाइम या अमेरिकेतील अभियंत्याने १९५९ मध्ये हे तत्त्व प्रथम ‘पटर’ला, म्हणजे चेंडू खळग्याकडे हलकेच ढकलण्याच्या काठीला, लावले. तिचा ‘पिंग’ असा आवाज होई. तेच त्याच्या कंपनीचे नाव झाले. पुढे आयर्नही तशीच बनली.

मात्र माथाच तिरका आणलात, तर कडेचे वजन चेंडूला सरळ धाडणार नाही.