‘हॅड बीन’ आलं की आपली गाडी का अडते? इंग्रजीतला हा काळ मराठी माणसाला चकवतो तो असा

डेस्कवर नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका ज्येष्ठ कलाकाराच्या निधनाची इंग्रजी कॉपी घाईघाईत मराठीत करायची होती. शेवटच्या परिच्छेदात वाक्य होतं, ‘शी हॅड बीन अंडरगोइंग ट्रीटमेंट फॉर अ मंथ’. मी सवयीने टाईप केलं, ‘त्यांच्यावर महिनाभरापासून उपचार सुरू आहेत.’ शेजारी बसलेल्या सीनियर ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “अगं, मग वर हेडलाईनमध्ये कोण गेलंय?”

नशीब, पब्लिशचं बटण दाबलं नव्हतं.

सगळा घोळ एका ‘हॅड’चा. तिथे ‘हॅज बीन’ असतं, तर उपचार आजही चालू आहेत असा अर्थ झाला असता. ‘हॅड बीन’ म्हटलं की हिशोब आजपर्यंत येतच नाही, भूतकाळातल्या एका क्षणापाशी थांबतो. शाळेत ज्याला आपण चालू पूर्ण भूतकाळ म्हणून घोकलं, तो पास्ट परफेक्ट कंटिन्युअस टेन्स हाच.

उदाहरण सचिनचं घेऊ. १५ नोव्हेंबर १९८९ ला कराचीत पहिली कसोटी, १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर शेवट. इंग्रजीत हे असं सांगतात: ‘व्हेन सचिन रिटायर्ड इन २०१३, ही हॅड बीन प्लेइंग फॉर इंडिया फॉर २४ इयर्स.’ निवृत्ती हा थांबण्याचा क्षण, त्याला साधा भूतकाळ. त्याआधीची २४ वर्षं ही लांबलचक क्रिया, तिला ‘हॅड बीन’ आणि पुढे आयएनजी लावलेलं क्रियापद. हेच २०१० मध्ये कुणी बोललं असतं तर ‘हॅज बीन प्लेइंग’ म्हणालं असतं, कारण तेव्हा तो खेळतच होता.

आता आपण का चुकतो ते बघा. ‘मी फोन केला तेव्हा तो वाट पाहत होता’ आणि ‘मी पोहोचले तेव्हा तो दोन तासांपासून वाट पाहत होता’. दोन्हीकडे ‘पाहत होता’च! मराठीत क्रियापदाचं रूप बदलत नाही, कालावधीचं सगळं ओझं ‘दोन तासांपासून’ उचलतं. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘वॉज वेटिंग’ आणि दुसऱ्याला ‘हॅड बीन वेटिंग’. म्हणून आपल्या तोंडून हमखास येतं, ‘ही वॉज वेटिंग सिन्स टू आवर्स’.

या छोट्याशा वाक्यात दुसरीही चूक आहे, आणि तीही मराठीचीच देणगी. आपलं ‘पासून’ सगळीकडे चालतं: सकाळपासून, सोमवारपासून, दोन तासांपासून. इंग्रजीला फरक हवा. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती वेळ चाललं ते सांगायचं तर ‘फॉर’. सिन्स मॉर्निंग, पण फॉर टू आवर्स.

नोकरीच्या मुलाखतीत तर हे महागात पडू शकतं. ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे तुम्ही अजून तिथेच आहात. ‘हॅव’चा ‘हॅड’ केलात की समोरच्याला वाटणार, नोकरी सुटलेली दिसते. मग पुढचा प्रश्न ‘का सोडलीत?’ असा आला तर गोंधळायला नको.

त्याहून भारी गंमत ‘बीन’च्या पुढच्या शब्दात आहे. ‘ही हॅड बीन बीटिंग’ म्हणजे तो मारत होता. ‘ही हॅड बीन बीटन’ म्हणजे त्याला मारलं गेलं होतं. तक्रार अर्ज इंग्रजीत लिहिताना आयएनजी चुकून लागलं, तर मार खाल्लेलाच आरोपी होऊन बसेल.

या काळाचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. क्रिया संपलीय, पण तिच्या खुणा शिल्लक आहेत. ‘द रोड्स वेअर वेट बिकॉज इट हॅड बीन रेनिंग.’ पाऊस थांबलाय, रस्ते ओले आहेत. इथे मराठीत ‘पाऊस पडत होता’ म्हटलं तर ऐकणारा छत्री शोधेल. आपण ‘पाऊस पडून गेला होता’ म्हणतो. म्हणजे भाषांतर दरवेळी ‘होता’ने होत नाही.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. ओळखणं, माहीत असणं, विश्वास असणं अशा, स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखत होतो’ याचं इंग्रजी ‘आय हॅड नोन हिम फॉर टेन इयर्स’. ‘हॅड बीन नोइंग’ कुणी म्हणत नाही.

आणि एवढा कामाचा काळ इंग्रजी सिरीज बघताना कानावर का पडत नाही? पडतो, पण बोलताना ‘आय हॅड बीन’चं ‘आयड बीन’ होतं आणि त्यातला ‘ड’ जवळपास गिळलाच जातो. पुढच्या वेळी सबटायटल लावून बघा, सापडेल.