आयसीयूतून वॉर्डात : बेड बदलला म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाचांना न्यूमोनिया झाला. वय 72, मधुमेह जुना. चार दिवस आयसीयूत काढल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आज बाबांना वॉर्डात हलवतोय." खूश होण्याऐवजी आम्ही भांडायलाच उठलो. भाईजान म्हणाले, "आणखी दोन दिवस इथेच ठेवा, बिलाचं आम्ही बघू." आयसीयू म्हणजे सगळ्यात चांगला उपचार, अशी आमची समजूत. डॉक्टरांनी बसवून समजावलं, ते थोडक्यात आपल्यालाही सांगतो.

मोठ्या इस्पितळात सगळे बेड एकसारखे नसतात. तातडीच्या विभागात आधी आलेल्याला नव्हे, जास्त धोक्यात असलेल्याला आधी पाहतात. त्यामुळे आपल्याला थांबवलं तर रागावू नये. मात्र जीव धोक्यात असताना पोलिसांच्या कागदासाठी उपचार अडवता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच हे बजावलं आहे. मोतीबिंदू, डायलिसिस यांसारखे उपचार डे-केअरमध्ये होतात, रुग्ण संध्याकाळी घरी. विम्यासाठी एरवी 24 तास दाखल असावं लागतं, डे-केअरच्या ठरावीक उपचारांना ती अट नाही. दाखल होण्याआधी पॉलिसी वाचून घ्या.

जनरल वॉर्डात सिस्टर ठरलेल्या वेळी ताप, रक्तदाब, साखर पाहतात. एका सिस्टरकडे बरेच रुग्ण असतात. सलाइन, इंजेक्शनं, ऑक्सिजन, सगळं तिथेही मिळतं. खोली स्वतंत्र घेतली तर एकांत वाढतो, औषध तेच राहतं. एचडीयू ही मधली पायरी : सतत नजर हवी, पण व्हेंटिलेटर नको, अशांसाठी.

आणि आयसीयू. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस हाताने पिशवी दाबत त्यांना जगवलं. त्यातूनच पुढच्या वर्षी तिथे डॉ. ब्योर्न इब्सेन यांनी अतिदक्षता विभाग उभा केला. कल्पना तीच आहे : शरीराचं जे काम थांबलंय ते काही काळ बाहेरून करायचं, आणि एका-दोन रुग्णांमागे एक सिस्टर ठेवायची.

चाचांचं ते काम आता शरीरच करू लागलं होतं. रक्तदाबाचं औषध बंद झालं होतं, मास्क जाऊन नाकाला साधी नळी आली होती. उलट मानेतली सुई आणि लघवीची नळी जितके दिवस राहील तितका नव्या जंतुसंसर्गाचा धोका. दुसरं आम्हाला ठाऊकच नव्हतं. दोन रात्री चाचा मरहूम दादीशी बोलत होते. आम्ही घाबरून कुजबुजत होतो की आता काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, आयसीयूत वृद्धांचं असं होतं : दिवस-रात्र कळत नाही, झोप मोडते, चष्मा नाही, ओळखीचा आवाज नाही.

इयादतीला मोहल्ल्यातून रोज दहा-बारा जण येत. दारावर अडवलं की वाईट वाटे. पण आतल्या रुग्णांना आपला साधा खोकलाही महागात पडू शकतो. शेवटी आम्ही ठरवलं, वेळेत दोघांनीच जायचं, बाकीच्यांनी चाचींकडे डबा पोचवायचा.

डॉक्टर भेटीला आले की आता आम्ही तीन गोष्टी विचारतो : रुग्ण या बेडवर कशासाठी आहे, काय सुधारलं की पुढच्या बेडवर जाईल, आणि रोजचा खर्च किती. पैशाची अडचण असेल तर पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महाराष्ट्रात धर्मादाय इस्पितळांना 10 टक्के बेड निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या. आम्ही तो सहाव्या दिवशी शोधत होतो.

चाचांना वॉर्डात खिडकीजवळचा बेड मिळाला. चाचींनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "आज जुमा आहे ना?" खरंच शुक्रवार होता.